माझी दांडी आबांच्या कानात

मी एक इंजिन बोलतोय. हसू नका. हातभर लांबीचा आणि पितळेचा असलो तरी मी खरा आहे. पाणी तापलं की वाफ होते, वाफेने दट्ट्या हलतो आणि चाकं फिरतात. नंदुरबारवरून जाणाऱ्या मोठ्या गाड्यांच्या पोटातही हेच चालतं. फक्त त्यांना कोणी हळदीकुंकू लावून कोनाड्यात बसवत नाही.

माझा जन्म विलायतेतला. १९०६ साली रेल्वेच्या कामावर आलेला एक गोरा इंजिनिअर प्रकाशा गावात चुडामण पाटलांकडे उतरला होता. जाताना पाहुणचाराची आठवण म्हणून त्याने मला त्यांना दिलं. अंगणात एकदा चालवूनही दाखवलं. माझी शिट्टी ऐकून पाटलांच्या पत्नी गजराबाई धान्याच्या कणगीमागे लपल्या. बाहेर आल्या त्या कुंकवाची कोयरी घेऊनच.

"याना पोटमा काहीतरी शे!" त्या म्हणाल्या.

झालं. माझं चालणं संपलं आणि पूजा सुरू झाली. दर दसऱ्याला तेल, शेंदूर, झेंडू, आणि धुराड्यात खोचलेल्या उदबत्त्या. ज्याची पूजा करायची त्याला दुरुस्तीसाठी हात लावायचा नाही, पण त्याचे भाग मात्र लागतील तसे काढून न्यायचे, ही मोठ्या माणसांची रीत मी तीस वर्षं सोसली.

मग देवळासाठी नवी घंटा ओतायचं ठरलं. घरोघरी पितळ मागितलं गेलं. सगळ्यात जास्त देईल त्याचं नाव घंटेवर कोरणार होते. चुडामण पाटील तोवर सगळ्यांचे आबा झाले होते. त्यांची नजर घरभर फिरली आणि माझ्यावर थांबली.

"हाई दी टाकू. देवनंच शे, देवले जाई."

"आबा, हाई देव नही, यंत्र शे!" हे बोलली त्यांची नात रमिला. पुण्याच्या कॉलेजात सायन्स शिकत होती आणि सुट्टीला आली होती. "हाई चालस."

"चालस? तीस वरीसमा एक पाऊल टाकं नही त्यानी!"

"तुम्ही टाकू दिधं का?"

आबा तापले. "परवा भिला तांबट पितळ लेवाले येई. तवलोंग याले उंबरठापाईन तुळसलोंग चालाडी दखाड. चालनं ते ऱ्हाई घरमा. नही ते घंटा!"

दोन दिवसांत उंबरठ्यापासून तुळशीपर्यंत चालून दाखवायचं, नाहीतर घंटा! घंटा होऊन जन्मभर लोकांचे टोले खायचे, या कल्पनेनेच माझी चाकं गार पडली.

रमिलाने पदर खोचला. चिंचेने घासून तीस दसऱ्यांचा शेंदूर काढला. धुराड्यातून मूठभर उदबत्तीच्या काड्या निघाल्या. शिट्टी सापडली ती गजराबाईंच्या किल्ल्यांच्या जुडग्यात.

"मी मरसू तवय ले," त्या म्हणाल्या.

"तितला वेळ नही, मोठी माय."

शिट्टी मिळाली. पण वाफ आत-बाहेर सोडणारी बारीक दांडी कुठेच नव्हती. रमिला कागदावर तिचं चित्र काढत बसली. समोर आबा डोळे मिटून कान कोरत होते. रमिलाने चित्र पाहिलं. मग आबांचा कान पाहिला.

"आबा, कानमाईन काढा."

"इतली चांगली दांडी कोठेच भेटस नही व, पोर!"

तिने अंबाड्यातला आकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि दांडी ओढून घेतली. धुऊन बसवली, एवढे तिचे उपकार.

दट्ट्याचं कातडी वायसर कुजलं होतं. ते शाळेच्या मास्तरांच्या सायकलपंपातून आलं. मास्तर तेव्हापासून सायकल हातात धरून शाळेत जातात. राहिली माझ्या बॉयलरची भेग. भिला तांबट एक दिवस आधीच तराजू घेऊन आला. त्याने मला उलटंपालटं करून पाहिलं, तराजू बाजूला ठेवला आणि डाख देऊन भेग बुजवायला बसला.

"हाई वितळाडानी वस्तू नही," तो पुटपुटला. मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

शेवटच्या सकाळी अंगणात बांबूच्या कामट्यांचे रूळ अंथरले. गाव जमलं. पण माझ्या दिव्याला स्पिरिट लागतं आणि स्पिरिट गावात नव्हतं. रॉकेल घालून पाहिलं, तर नुसती काजळी झाली.

"चला, तराजू आना," आबा म्हणाले.

रमिला ताडकन उठली, आबांच्या पेटीपाशी गेली आणि शालीखालची बाटली घेऊन आली. मोहाची, पहिल्या धारेची.

गजराबाईंनी आबांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं. "हाई काय शे?"

"गुडघाले चोळाना तेल शे."

रमिलाने काडी लावली. तेल असं निळं पेटत नाही, हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

पाणी उकळलं. दट्ट्या हलला. मी निघालो! अर्ध्या वाटेत दिवा मंदावला आणि मी थांबलो.

"आखो टाक व! कंजूशी कशाले करस?" हे ओरडले खुद्द आबा.

तिने दिवा उचलून भरला, पुन्हा पेटवला. मी धापा टाकत तुळशीला जाऊन धडकलो आणि शिट्टी मारली. गजराबाई पुन्हा कणगीमागे.

घंटेला माझ्याऐवजी आबांचं पितळी पानदान गेलं. नाव दुसऱ्याचं लागलं.

आता मी कोनाड्यातच असतो, पण तेलपाणी केलेला. शेजारी बाटली उघड्यावर उभी असते. तिला आता 'इंजिननी बाटली' म्हणतात. आबा मोलगीच्या बाजारातून ती माझ्या नावाने भरून आणवतात. दर आठवड्याला ती रिकामी होते आणि गजराबाई माझ्याकडे डोळे वटारून म्हणतात, "किती पेस व हाई इंजिन!"

वाचकहो, पुण्यात रमिला भेटली तर तिला म्हणावं, सुट्टीला लवकर ये. मला चालवायचं नंतर पाहू, आधी माझ्यावरचा हा पिण्याचा आळ दूर कर. दिवाळीपासून मी तसूभर हललेलो नाही. माझा दिवा कोरडा आहे. मला मोहाचा वास येतो तो फक्त आबा माझी धूळ फुंकतात तेव्हा.