दोडक्याच्या शिरा

दोडक्याची शीर सुरीखालून लांबच लांब सुटत आली आणि खाली पसरलेल्या पेपरावर, नेमकी फोटोतल्या अनेकांतच्या कपाळावर पडली. नाजियानं ती उचलली नाही. फोटोत तो गालाला हात लावून बसला होता, गाल जरा बसलेले... आता हे कधी बसले, अल्ला जाणे! चार वर्षं याच पत्र्याच्या खोलीत, दोघांच्या कॅनव्हासांमधल्या वीतभर जागेत, या गालांना तिनंच खाऊ घातलं होतं. आणि खाली, दिल्लीचं मोठं बक्षीस मिळवलेल्या या चित्रकाराचं ठळक अक्षरांतलं वाक्य : 'दोन-दोन दिवस नुसत्या पाण्यावर काढले, पण रंग सोडले नाहीत.'

पाण्यावर! सकाळपासून हा एक शब्द घशातून खाली उतरत नव्हता. कारण पाण्यावर तो राहिला होता, हे काही खोटं नव्हतं — भाद्रपदात, जैनांच्या पर्युषणाचे उपवास धरून! आणि ते पाणीसुद्धा तिनंच उकळून, गाळून, झाकून ठेवलेलं, दिवस असेपर्यंत प्यायचं म्हणून. आणि तिसऱ्या सकाळी पारण्याला मुगाचं कढण, त्याची वाफ अजून नाकाशी येते...

पैसा नव्हता, कबूल. पण उपाशी? कपिलतीर्थ मंडईत बाजार उठता उठता ती जायची आणि भाजीवाली विठाबाई उरलेला ढीग तिच्या पिशवीत ओतायची, "ने की सगळं, परत कुठं घिऊन जाऊ?" मग दोडक्याची भाजी, त्याच्याच शिरांची तीळ-शेंगदाणे घालून खमंग चटणी, तव्यावरची ज्वारीची भाकरी. त्याच्यासाठी कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. वेगळी डेचकी, जिच्यात मटणाचा चमचा चुकूनसुद्धा बुडाला नाही. आणि सगळं दिवस मावळायच्या आत. हातातला ब्रश ओला तसाच ठेवून ती उठायची — संध्याकाळच्या त्या सोन्यासारख्या उजेडात तिची किती चित्रं अर्धी राहिली... आणि तो बोटं चाटत म्हणायचा, "नादखुळा, नाजे! राजवाड्यात पण असलं न्हाय मिळायचं."

फोन वाजला. त्याचाच.

"वाचलंस व्हय?"

"वाचलं. उपाशी कधी हुतास रे तू?"

तो हसला. "अगं, पेपरवाल्यांना तसंच लागतंय. पोटभर जेवून चित्रं काढली म्हटल्यावर कोण छापतंय?"

"आणि जेवायला घालणारी?"

तो हळूच म्हणाला, "आई पेपर वाचती गं."

आई. रत्नाबाई. गावाहून, कोडोलीहून एकदाच आल्या होत्या, तेव्हा यानं शेगडी आणि ती डेचकी पलंगाखाली सारली, 'खानावळीत जेवतो' म्हणून सांगितलं, आणि नाजियानं — मी — मीच तिथं उभी राहून मान हलवली. तेव्हा राग आला नव्हता, उलट दोघं नंतर पोट धरून हसलो होतो. म्हणजे खानावळ चालते, उपासमार चालते. माझ्या हातचं खाल्लं, एवढंच तेवढं चालत नाही.

तिनं फोन ठेवला. शिरा परतल्या, तीळ भाजले, भाकरी थापली, आणि ताट वाढून घेतल्यावर लक्षात आलं, खिडकीत ऊन अजून आहे. लसूणही घातलेला नाही. कुणासाठी एवढी घाई केलीस गं बये? न जेवताच उठावं असं वाटलं क्षणभर... पण नाही. या खोलीतल्या उपासमारीचं त्याचं खोटं मी का खरं करू?

ती जेवायला बसली. पहिला घास चावला. शिरा. लोक सोलून टाकून देतात, त्या शिरा. चटणी चांगली झाली होती का? तिला सांगता येईना. दुसरा घास घेतला, नुसती चव बघायला, मग तिसरा... बोटं चाटत राजवाड्याचं बोलायचा, तेव्हा तरी तो खरं बोलत होता का? तिनं आणखी एक घास घेतला. चव काही केल्या ठरेना.