पाणमांजर की मुंगूस

लाँड्रीच्या मागच्या दारात चादरी पिळताना तिला ते नदीत दिसलं. चपटं डोकं, राठ मिशा. खडकावर चढून त्याने अंग झटकलं आणि पुन्हा बुडी मारली. घरी येताच तिने नवऱ्याला सांगितलं, "अहो, आज मी पाणमांजर पाहिलं."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. जेवता जेवता मान वर न करता तो म्हणाला, "मुंगूस असेल."

"मुंगूस अशा बुड्या मारतं होय?"

"मग घूस."

"माझ्या हाताएवढी लांब?"

"तुझा नंबर वाढलाय. उद्या दुकानात ये."

तिचं डोकंच फिरलं. त्यात त्याने धाकट्या भावाला फोन लावला, "तुझ्या वहिनीला नदीत मांजर दिसलं रे!" दीर हसला, मागून जाऊ हसली. नणंदेने तर मांजराला पोहायला कोणी शिकवलं, असं विचारलं. दुकानात डोळे तपासले, तर नंबर होता तेवढाच. "तरी लांबून भास होतो," नवऱ्याचं चालूच.

"मग जवळून बघा!" म्हणत रविवारी उजाडता उजाडता तिने त्याला हाताला धरून नदीवर नेलं. खडकावर ताजी विष्ठा पडली होती. तिने काडीने उकरून दाखवली. नुसते माशांचे खवले.

"मासे काय, मांजरही खातं," तो नाक दाबून म्हणाला. तिने कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात समोर पाणी हललं आणि तोंडात मासा धरून ते वर आलं. बुंध्याशी जाड, टोकाला निमुळती शेपटी. पंज्यांच्या बोटांमध्ये पडदे. मासा पुढच्या पंज्यांत धरून ते डोक्याकडून कराकरा चावू लागलं.

नवरा नाक दाबायचं विसरला. मग तिचा दंड घट्ट धरून कुजबुजला, "अगं, हे पाणमांजर आहे!"

"हो का?"

"शप्पथ! शेपटी बघ ना. मुंगसाची अशी असते का?" आणि तो तिलाच समजावू लागला.

दुपारी भावाला फोन गेला. "मी बरोबर ओळखलं. वहिनीला विचार, सोबतच होती."

आता तो तिला रोज भल्या पहाटे उठवतो. काल तिने पांघरूण डोक्यावरून ओढलं, "मला झोपू द्या हो!"

"अगं, आज पिल्लं दिसली तर?"

दात-ओठ खात ती उठली आणि अंधारात चपला शोधू लागली.