किल्ली घरवालीच्या हाती

"तो मलाच बोलावणार. लावा पैज!" मावशी म्हणाली. "असल्या माणसाला कुलूप बदलल्याशिवाय जेवण जात नाही."

मावशी म्हणजे कोपऱ्यावरची किल्लीवाली. दुकान कपाटाएवढं, पण आसपासच्या गल्ल्यांत कुलूप-किल्लीचं दुसरं दुकान नाही. कुणाची किल्ली गटारात पडो नाहीतर घरात चोर शिरो, पावलं तिच्याकडेच वळतात. जीभ तिची कानशीपेक्षा खरखरीत. शेजारी शिंपीणबाईचं दुकान, आणि त्याच्या मागच्या खोलीत बायकांची संघटना. संघटना म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. कुणाला घरात मार बसला की तिला दवाखान्यात न्यायचं, मग चौकीत न्यायचं, आणि तक्रार लिहून घेईपर्यंत तिथल्या बाकावरून हलायचं नाही. या बायका दिसल्या की हवालदार आधी कपाळाला हात लावतो आणि मग पेन शोधतो.

त्या सकाळी खोलीत बँकवाली बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, ओठ सुजलेला, पायात शिंपीणबाईच्या चपला. नवरा तिचा शिकवणी घेतो, अख्खी इमारत त्याला 'सर' म्हणते. आदल्या संध्याकाळी या सरांनी तिचा हात पिरगळून मोडला, केसांना धरून दाराबाहेर काढलं आणि आतून कडी घातली. तिने दार बडवलं, मग समोरच्या काकांचं दार वाजवलं. काकांनी फटीतून पाहिलं. "घरगुती बाब आहे, आम्ही कसं मध्ये पडणार?" म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. ती अनवाणीच खाली उतरली. पर्स नाही, फोन नाही, डाव्या मुठीत घराची किल्ली तेवढी. प्लास्टर घालतानाही तिने ती मूठ उघडली नव्हती.

आणि गंमत बघा, घर तिचंच! वडिलांनी लेकीच्या नावावर केलेलं. दारावर पाटी मात्र सरांची.

ती घट्ट मूठ मावशीच्या ओळखीची होती. तिलाही एकदा अशीच किल्ली धरून दारात उभं राहावं लागलं होतं. आजारी आईकडून परत आली, कुलपात किल्ली घातली, ती फिरेना. नवऱ्याने कुलूप बदललं होतं. अंगठ्याची साल निघेपर्यंत ती फिरवत राहिली, आणि आत नवरा खुर्चीत बसून ऐकत होता. खुर्ची करकरल्याचा आवाज आला होता ना तिला! दुसऱ्या दिवशी ज्या म्हाताऱ्याने ते कुलूप बसवलं त्याच्या दुकानात जाऊन तिने त्याची हत्यारांची पेटी रस्त्यावर भिरकावली. म्हाताऱ्याने हत्यारं गोळा केली आणि म्हणाला, "उद्यापासून कामाला ये. या हातात जोर आहे." तोच तिचा उस्ताद. ती कामाला लागली ती एकच मनात धरून, की शिकेन आणि नवऱ्याचं दार उघडून त्याच्या छातीवर उभी राहीन. पण नवरा त्याआधीच मेला, आणि तोही शांतपणे, झोपेत. तेवढंही सुख नाही दिलं मेल्याने! ती जुनी किल्ली अजून दुकानात खिळ्याला टांगलेली आहे.

"सरांना कळलं तर मला जिवंत ठेवणार नाहीत," बँकवाली पुटपुटली. मग जरा वेळाने, "एरवी चांगले वागतात हो."

शिंपीणबाईने मावशीकडे बघितलं. या बाईने आधी दोनदा तक्रार मागे घेतली होती. दोनदा घरी गेली, आणि आज हा हात.

"हे बघ बाळा," मावशी म्हणाली, "तुझ्या घरात तुला नेऊन सोडणं माझ्याकडे लागलं. पण दार तुलाच लावायचंय. ते काही मला लावता येणार नाही."

फोन दुपारच्या आत आला.

"किल्लीवाला आहे का?"

"किल्लीवाली आहे. चालेल का?"

पलीकडे जरा हसू. "चालेल की. काय आहे, आमच्या घरवालीने किल्ली हरवली. तिचं लक्षच नसतं. कुलूपच बदलून टाकू. असं बसवा की दार ओढलं की आपोआप लागलं पाहिजे. विसरायला नको."

"आत्ता येते," मावशी म्हणाली. तिने पेटी उचलली आणि शिंपीणबाईला सांगितलं, "तासाभराने हिला घेऊन या. जितक्या जमतील तितक्या जणी या. जाडजूड आधी."

सरांनी दार उघडलं ते बनियन आणि अर्ध्या चड्डीत. गोड माणूस. पाणी विचारलं, पंखा लावला. वाकून काम करणाऱ्या मावशीला म्हणाले, "या वयातही कष्ट करता, कौतुक आहे." उंबऱ्याशी फुटक्या बांगडीचे तुकडे पडले होते, ते त्यांनी पायानेच कोपऱ्यात सारले. मावशीने बघितलं आणि स्क्रू आणखी एक वेढा आवळला.

जुनं कुलूप निघालं, नवं बसलं. वर दणकट साखळीही बसली. "साखळी फुकट. तुमच्यासारख्यांना देतेच मी," मावशी म्हणाली. सर खूश.

मग उस्तादाचा नियम आठवून तिने विचारलंच. "किल्ल्या कुणाच्या हातात देऊ? आमच्या धंद्यात नियम आहे, सगळ्याच्या सगळ्या घरवाल्याच्या हातात द्यायच्या. एक जरी भलत्याच्या हातात गेली तर आम्ही चोर."

"अहो, मग मी कोण?" सर हसले.

"बरोबर आहे तुमचं. आता एक करा. बाहेर जाऊन दार स्वतःच्या हाताने ओढून बघा. उगाच नंतर तक्रार नको."

सर बाहेर गेले आणि दार ओढलं. खट्!

"लागलं का?" मावशीने आतून विचारलं.

"लागलं, लागलं."

"धक्का मारून बघा."

त्यांनी धक्का मारला.

"असा काय बायकी धक्का? जोरात मारा!"

त्यांनी खांदा लावला. दार जागचं हललं नाही. "फर्स्ट क्लास," सर म्हणाले. "उघडा आता."

मावशीने खुर्ची ओढली आणि बसली.

"अहो, उघडा ना." मग, "ऐकू येत नाही का?" मग, "ए म्हातारे!" बघा, गोडवा किती पातळ होता! त्यांनी दार बडवायला सुरुवात केली. फोन आत, चप्पल आत. समोरच्या काकांचं दार किलकिलं झालं.

"काय झालं हो सर?"

"काका, फोन द्या तुमचा! या बाईने मला माझ्याच घराबाहेर..."

"काका," जिन्यातून शिंपीणबाईचा आवाज आला, "घरगुती बाब आहे. तुम्ही आपले टीव्ही बघा."

काकांचं दार लागलं. टीव्हीचा आवाज वाढला. काका नियमाचे पक्के.

बायका वर आल्या. जिना भरून गेला. त्यांच्या मधोमध बँकवाली, पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने. सरांचा हात सवयीने उचलला गेला आणि एवढ्या डोळ्यांसमोर तसाच खाली आला. दोघी जाडजूड बायका सर आणि दार यांच्यामध्ये शिरल्या, तोवर मावशीने दार उघडलं, बँकवालीला आत घेतलं, साखळी चढवली आणि नव्या कुलपाच्या तिन्ही किल्ल्या तिच्या डाव्या हातात ठेवल्या.

"मी बोलावलं होतं तुला!" सर फटीतून ओरडले. "मी!"

"हो की. आणि फोनवर तुमच्याच तोंडाने म्हणालात, घरवाली. तिच्याच हातात दिल्या. माझा धंदा चोख आहे."

पण दार अजून साखळीइतकं उघडं होतं. मावशीने हात मागे घेतला. ते लावणं तिचं काम नव्हतं.

सरांनी आवाज बदलला. अगदी मधात घोळवलेला. "ऐक ना गं. चुकलं माझं. रागाच्या भरात हात सुटला."

"तुमचा सुटला," बँकवाली म्हणाली, "माझा मोडला."

"पुन्हा नाही होणार, शपथ. बघ, अनवाणी उभा आहे मी. निदान चप्पल तरी दे."

बँकवाली खाली बघत राहिली. दाराशी सरांच्या चपला होत्या. ती वाकली आणि तिने त्या उचलल्या. गेलं! मावशीच्या मनात आलं. गेलं सगळं पाण्यात. आता ही चप्पल देणार, मग साखळी काढणार, मग चहा टाकणार. मावशीला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली.

बँकवालीने चपला कोनाड्यात नीट ठेवून दिल्या. "काल मीही मागितल्या होत्या," ती म्हणाली. मग शिंपीणबाईने बांधून दिलेल्या ओढणीच्या गाठीतून कालची किल्ली सोडवली आणि फटीतून बाहेर धरली. "ही घ्या. माझ्याकडे काल हीच होती."

सरांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांना वाटलं, बाई विरघळली. त्यांनी किल्ली हिसकावून घेतली.

बँकवालीने दार ढकललं. खट्!

लगेच बाहेरून कुलपात किल्ली खडखडली. अर्धी शिरली, अडली. निघाली, पुन्हा शिरली. मावशीला हा आवाज पाठ होता, पण आजवर तिने तो बाहेरूनच ऐकला होता. आतून तो इतका बारीक येतो, हे तिला ठाऊक नव्हतं. तिचा अंगठा तिने दुसऱ्या हातात घट्ट धरला.

"मावशी, उघडेल का हो?" बँकवालीने हळूच विचारलं.

"सात जन्मांत नाही."

"मग फिरवू देत," बँकवाली म्हणाली, आणि डाव्या हाताने आणखी एक खुर्ची दाराजवळ ओढून मावशीशेजारी ऐकत बसली.