स्तोइनाचा हसरा फोटो

बस सुटायला पन्नास मिनिटं उरली होती आणि माझाच कॉम्प्युटर मला आत घेत नव्हता.

मी पेना. सत्तावीस वर्षं नगरपालिकेत टायपिस्ट होते, आता चौकात माझं छपाईचं एवढंसं दुकान आहे. गावात दारांवर, झाडांवर, बसथांब्यावर गेलेल्या माणसांचे फोटो आणि नावं छापलेले जेवढे कागद चिकटवलेले दिसतात, ते सगळे माझ्याकडचेच.

समोर मिंचोदादा बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. वय ब्याऐंशी. उद्या त्यांच्या बायकोचा, स्तोइनाचा, चाळिसावा दिवस; त्या दिवसासाठी आमच्याकडे नवा कागद लावतात. गेली तेव्हाच्या कागदावर मी तिचा ओळखपत्रातला फोटो घातला होता. तो बघून दादा म्हणाले, "ही माझी बायको नाही. कोंबडी चोरताना पकडलेली कुणी बाई आहे." म्हणून चाळिसाव्यासाठी ते फोनमधला तिचा हसरा फोटो मला देऊन गेले. पुढच्याच आठवड्यात फोन विहिरीत पडला. आता तो फोटो फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता आणि त्याला कुलूप होतं.

चूक माझीच. जुनी सिस्टिम रडतखडत चालायची, नवी घ्यायची तर कॉम्प्युटरच नवा हवा. माझा भाचा कामेन प्लोव्दिव शहरात असतो. तो म्हणाला, "मावशी, लिनक्स घाल. फुकट आहे, जगभरच्या लोकांनी मिळून केलंय. तुझ्या त्या डबड्यावरही पळेल." काल मी ते एकटीनं घातलं, केवढी मिरवले. फोटो आधी पेनड्राइव्हवर काढले, नंतर परत आत घेतले. मध्ये त्यानं विचारलं, डिस्कला कुलूप हवं का? लोकांची ओळखपत्रं असतात माझ्याकडे, म्हणून हो म्हटलं आणि एक शब्द दिला. पडद्यावर नुसते ठिपके उमटले. सगळं झाल्यावर, स्वयंपाकानंतर ओटा पुसावा तसा मी पेनड्राइव्हसुद्धा पुसून टाकला. स्वच्छतेचं हे खूळ तुला एक दिवस नडेल, असं आई म्हणायची. नडलं.

आज सुरू करताच त्यानं इंग्रजीत तो शब्द मागितला आणि काही बिघडू नये म्हणून मी आधी कामेनलाच फोन लावला. फोन टेबलावर होता, त्यातून तो बोलत होता.

"कुठला शब्द दिला होतास?"

"स्मरण." माझ्या प्रत्येक कागदाच्या डोक्यावर असतो तोच.

"मग मेसेजमध्ये लिहितेस तसा इंग्रजी अक्षरांत लिही. तिथे आपली अक्षरं चालत नाहीत. घाई करू नकोस, बघून एकेक कळ दाब."

मी चष्मा सारखा केला आणि एका बोटानं एकेक कळ शोधून दाबली. चुकलं. पुन्हा दाबली, पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा पहिलं अक्षर मोठं काढलं. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि परत तेच विचारायला लागलं.

"कामेन, दुसरी किल्ली असेल ना कुठे?"

"नसते, मावशी. शब्द गेला तर ते कुणालाच उघडता येत नाही. ज्यांनी केलं त्यांनासुद्धा नाही."

"मग ते फुकटचं तुझं तुलाच लखलाभ," मी म्हणाले. त्या पोराचा काय दोष? पण राग कुणावर तरी काढायचा होता.

बसला अर्धा तास उरला. ती चुकली तर दादांच्या गावाला आज दुसरी बस नाही, आणि उद्या सकाळी लोक तिच्या नावानं वाटायचे उकडलेले गहू घ्यायला चर्चच्या दारात जमणार.

"राहू दे, पोरी," दादा म्हणाले. "कोंबडीचोर तर कोंबडीचोर. तोच छाप."

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी मान खाली घालून परत एकेक कळ शोधायला लागले. दादा माझ्या त्या एका बोटाकडे बघत होते.

"स्तोइना टीव्ही बघत मोजे विणायची," ते म्हणाले. "मी म्हणायचो, अगं, हाताकडे बघ. मुद्दाम बघायची आणि हटकून टाका सुटायचा. मग मलाच शिव्या."

माझं बोट थांबलं. काल मी कुठे बघून लिहिलं होतं? मी आयुष्यात कधी बघून टाइप केलेलं नाही. कळांवर इंग्रजी अक्षरं छापलेली आहेत, आपली अक्षरं माझ्या बोटांत आहेत, टाइपरायटरच्या जागांवर. काल बोटं त्याच जागांवर गेली असणार, आणि मशीन इंग्रजीत असल्यानं त्यानं त्या कळांवरची इंग्रजी अक्षरं उचलली. म्हणजे कुलपाचा शब्द कुठल्याच भाषेतला नव्हता.

मी चष्मा काढला आणि डोळे मिटले. दहा बोटं टेकवली आणि हजारो वेळा लिहिलेला तो शब्द एका दमात लिहिला.

"उजेड बदलला," दादा म्हणाले.

डोळे उघडले तर पडद्यावर माझा डेस्कटॉप होता, फोटोंची फाइल होती. मला रडू आलं, आणि फोनमधून कामेन विचारत होता, "मावशी? काय झालं? मावशी?"

फोटो मोठा केला. स्तोइना मान मागे टाकून हसत होती, पुढचा एक दात नाही. खांद्यावर दादांचा हात, बाकी दादा चौकटीबाहेर. मी सवयीनं फोटोची कड आत ओढली, तो हात कापून टाकायला. मेलेल्याच्या कागदावर जिवंत माणसाचं बोटही येऊ देत नाहीत आमच्याकडे.

"हात राहू दे," दादा म्हणाले.

"दादा, अपशकुन असतो. लोक बोलतील."

"बोलू देत. मी तिला गुदगुल्या केल्या होत्या. हात काढलास तर ती कशाला हसतेय ते कळणार कसं?"

मी कड परत बाहेर सोडली. प्रिंटरनं कुरकुर केली, पण छापलं. दहा कागद कोटाच्या आत धरून दादा बसकडे गेले, टोपी मात्र विसरले.

अकरावा कागद मी छापून ठेवला होता. टोपी द्यायला धावले तेव्हा तो बसथांब्यावर चिकटवला, हातासकट.