चार चाकांवरची मी

मी एक जुनी, ऑफिसातली सरकती खुर्ची आहे. चाकं पाच होती, आता चार आहेत. मित्रांनो, तरीही माझी तक्रार नाही.

कारखान्यातून टेम्पोत बसून मी श्रीरामपूरला आले, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथे कानिफनाथ सरांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. शेतकऱ्यानं डेअरीत दूध घातलं की फॅट किती लागली ते त्याच्या मोबाईलवर दिसावं, असं ॲप तिथे तयार होतं.

सर स्वतः उत्तम प्रोग्रामर. मालक झाल्यावर मात्र त्यांना एकच काम उरलं, दुसऱ्यांचं काम पाहणं. त्यासाठी ते उठत नसत. उठून गेलं तर ती पाहणी होते, बसल्या बसल्या सरकत गेलं तर सहज होतं, अशी त्यांची समजूत. पायानं रेटा देत ते कोड लिहीत बसलेल्या सुमैराच्या पाठीमागे जात. "ही ओळ वर घे ना." तिथून बन्सीच्या पाठीमागे. "काय पळते खुर्ची!" असं माझं कौतुकही होई. मी आले की दोघांचे खांदे आखडत. सर असेपर्यंत दोघं काम करताना दिसत, सर गेले की करायला लागत.

एकदा ॲप बिघडलं. संध्याकाळचं दूध सकाळच्या खात्यात जाऊ लागलं. डेअरीचे भिमाजीअण्णा फोनवर कडाडले, "सगळं गाव माज्या दारात उभं हाय! आज नीट करा, न्हाईतर तुमचं ॲप बंद!"

सर सकाळभर सुमैराच्या मागे. जेवणाच्या सुट्टीत ती बन्सीला म्हणाली, "एवढं झालं की मी पुण्याला चालले. तिथं मागं कोणी बसत नाही."

"तिथं लांबून बघत्यात."

"चालेल. मानेवर श्वास तर लागत नाही."

खुर्चीसमोर माणसं मोकळं बोलतात.

दुपारी सरांनी जोरात रेटा दिला आणि माझं एक चाक फरशीच्या फटीत अडकून तुटलं. सर नाइलाजानं चालत निघाले. अर्ध्यात पोचले तोच दोघांनी वळून पाहिलं.

"काय सर?"

"काही नाही. पाणी."

सर पाणी पिऊन परतले. थोड्या वेळानं पुन्हा निघाले, पुन्हा पाणी प्याले. पुढच्या खेपेला बन्सी म्हणाला, "सर, ऊन लई लागतंय का?"

सुमैरा फिसकन हसली. सर ग्लास धरून उभेच राहिले. "खरं सांगा, मी मागं आलो की काम अडतं का?"

बन्सी की-बोर्डवरची धूळ झटकू लागला.

"सर, चूक सकाळीच सापडली," सुमैरा म्हणाली. "तुम्ही विचारत राहिलात, मी सांगत राहिले. दुरुस्त कधी करू?"

सर येऊन माझ्यावर बसले. मी कलंडू नये म्हणून त्यांना दोन्ही पाय घट्ट रोवावे लागले. त्यांची चुळबुळ मला कळत होती. पण ते हलले नाहीत.

दिवेलागणीला सुमैरानं आपण होऊन हाक मारली, "सर, बघायला या."

भिमाजीअण्णांचा फोन आला. "जमलं बरं का!"

सर सुमैराला म्हणाले, "पुढच्या डेअरीचं ॲप तुझं. कसं करायचं ते तू ठरव. अडलीस तर हाक मार."

बन्सी कुजबुजला, "आन् पुणं?"

"पुणं कुठं पळून चाललंय?" सुमैरा म्हणाली आणि नवं काम उघडून बसली.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा. मोडलेलं वेळेवर दुरुस्त करा, जुनं म्हणून फेकून देऊ नका. सगळ्या खुर्च्यांच्या वतीनं ही हात जोडून विनंती. माझं नवं चाक कधीच आलंय, सरांच्या खणात पडून आहे. ते तेवढं तिथंच राहू द्या.