ह्यूई गॅलाहरचं आख्यान

आयर्लंडमध्ये, लेटरकेनीच्या पुढे डोंगराला टेकून आमचं ड्रमकॉरा आहे. गाव वाढलं ते लाकडावर आणि रेल्वेवर. रानातून ओंडके यायचे, सॉ मिलमध्ये त्यांच्या फळ्या व्हायच्या आणि अरुंद रुळांवरची छोटी गाडी त्या फळ्या बंदराला न्यायची. पुढे लॉऱ्या आल्या, रूळ उखडले गेले. मागे उरली एक शिवी : ‘ह्यूईसारखा चोर!’

ह्यूई त्या गाडीचा ड्रायव्हर, आमच्या शेजारच्या नोराआजींचा बाप. वीसच्या लॉकडाऊनमध्ये कुंपणापलीकडून त्यांनी माझ्या बायकोला, वीणाला, सगळी हकिगत सांगितली. शेवटी म्हणाल्या, “चौऱ्याऐंशीची होत आले गं. माझ्या डोळ्यांदेखत गावाने त्याला एकदा तरी चांगलं म्हणावं.”

वीणा कीर्तनकार. ती म्हणाली, “नोराआजी, तुमच्या वडिलांचं आख्यान मी लावते.”

एकवीसच्या ऑगस्टमध्ये मिलच्या जुन्या आवारात कीर्तन ठरलं. पेटीवर मी, तबल्यावर लेटरकेनीच्या हॉस्पिटलमधला आमचा डॉक्टर मित्र संजीव. लोकांनी आपापल्या घडीच्या खुर्च्या आणल्या, लांबलांब मांडल्या. आपल्याजवळचं दुसऱ्याच्या कामी आलं की देवाला पोचलं, असा वीणाचा पूर्वरंग. निरूपण इंग्रजीत, गाणं मराठीत. पबवाला ब्रेंडन मान डोलवत मला म्हणाला, “युअर मिसेस इज ग्रँड!”

पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे नोराआजींनी वीणाच्या गळ्यात डेलियांचा हार घातला, कपाळी बुक्का लावला. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सगळं गाव उठून खुर्च्या मिटायला लागलं!

हार घातला म्हणजे सत्कार, सत्कार झाला म्हणजे कार्यक्रम संपला. त्यांचं काय चुकलं? उत्तररंग बाकी असतो हे सांगायचं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं.

“प्रल्हाद, अरे निघाले की सगळे!” संजीव कुजबुजला. “गाडी अजून शेडमध्येच आहे!”

नोराआजी हाराची रिकामी पिशवी धरून तशाच उभ्या. बापाचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

वीणाने कुणाला थांबा म्हटलं नाही. झांज उचलली आणि गजर धरला. देवाच्या नावापाठोपाठ तिने त्या रुळांवरचं एकेक स्टेशन घेतलं : “किलरू... मीनबान... ग्लेनड्रो... ड्रमकॉरा!” आधी संथ, मालगाडी हलते तशी. संजीवने तबल्यावर चाकं धरली. फाटकापाशी एक म्हातारा खुर्ची काखेत घेऊन थबकला आणि ओरडला, “ड्रमकॉरा!” पुढच्या आवर्तनाला दहाजण होते. लय चढली तशा खुर्च्या परत उघडल्या.

मग वीणाने आख्यान उभं केलं. सत्तेचाळीसचा बर्फ. रस्ते गाडले गेलेले, गावात पीठ नाही, युद्धानंतरचा काळ म्हणून कोळसा नाही. इंजिन हलवायचं नाही, असा मिल आणि गाडी चालवणाऱ्या कंपनीचा हुकूम. ह्यूई मिलच्या कामगारांना म्हणाला, “कोळसा नाही ना? मग फळ्या जाळू!” पुढे फावडी, मागे इंजिन, असं करत ते बंदराला पोचले आणि पीठ घेऊन शिट्टी वाजवत परतले. कंपनीने ह्यूईला फळ्यांचा चोर म्हणून कामावरून काढलं. गावाने त्याचं पीठ खाल्लं आणि कंपनीच्या भीतीने तेच नाव लावलं.

“आता सांगा,” वीणाने विचारलं, “चोर कोण?”

मग ब्रेंडन उठला. टोपी काढून म्हणाला, “माझ्या आजोबांनी त्या बर्फात पायाची बोटं घालवली. का, ते घरात कधी बोलले नाहीत. नोरा, तुझा बाप चोर असेल, तर माझा आजोबा त्याचा साथीदार. आणि मला दोघांचाही अभिमान आहे!”

हशा उसळला, त्यातच टाळ्या. वीणाने दोन्ही हात वर केले, “बोला, ह्यूई गॅलाहर...”

“ह्यूई गॅलाहर!” आख्खं आवार गर्जलं.

नोराआजींचे गाल भिजले होते, पण काठी हवेत नाचत होती. “मोठ्याने रे!” त्या ओरडल्या. “वर टेकडीवर झोपलाय तो, तिथवर जाऊ दे!”