जीपचा दुसरा डाग

आदीच सांगतो, मी डागाचा मानूस हाय. विट्यात मायनी रोडला माजं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. वायर जोडायची म्हंजी टोक सोलायचं, राळ लावायची, आन् तापल्या लोखंडानं कथील वितळवून वर डाग सोडायचा. मानूस मरंल पन अर्जुनाचा डाग सुटायचा न्हाई, असं मी म्हनत न्हाई, गिऱ्हाइकं म्हनत्यात. आता ती नवी पद्धत निघालीया, वायरीच्या टोकाला पितळंचं थिंबल घालायचं आन् पकडीनं दाबायचं. झालं काम! ह्याला काम म्हनत्यात व्हय? चिमटं तर आमची बायको बी काढती.

गोष्ट त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची. मान तालुक्यातली तानुबाई म्हनून एक म्हातारी हुती, दहिवडीच्या पलीकडची. सारी हयात मेंढरांमागं गेल्याली. मागं-पुढं कोन न्हाई, एक नातू तेवढा, मल्हार. त्येला तिनं निम्मी मेंढरं इकून जुनी जीप घिऊन दिली. ह्यो वडाप करायचा. यस्टीची वाट बगून कट्टाळल्याली मानसं कोंबायचा आन् दहिवडीला न्हिऊन सोडायचा. पन जीप चालता चालता मधीच मरायची आन् धा मिनटांनी आपसूक जिती हुयाची.

बाजाराच्या दिवशी म्हातारी दुकानात आली. म्हनली, "अर्जुना, आमच्या जीपला झीट येती रं. मधीच पडती."

माजं डोस्कं हातातल्या डायनामोत. मी मान वर न करता म्हनलो, "कुठंतरी वायर सुटली असंल आजी. डाग द्या, बरी हुईल."

एवढंच बोललो. आता ह्यात माजं काय चुकलं सांगा.

फुडच्या बाजाराला जीप आली ती एका ट्रकच्या मागं दोरखंडानं बांधून. मल्हार स्टेरिंगवर, तोंड उतरल्यालं. म्हातारी शेजारी ताठ बसल्याली. मी बॉनेट उचाकलं आन् माज्या तोंडातनं "आगं आई!" असंच आलं. साऱ्या वायरी वितळून एकमेकीत गुतल्या हुत्या, करपल्या शेवयांगत. आन् आतल्या पत्र्यावर इळ्याच्या आकाराचा काळा वन.

"आजी, ह्ये काय केलं?"

"तूच म्हनलास की, डाग द्या म्हनून."

मेंढराचं पोट फुगलं की तापल्या इळ्यानं पोटावर डाग देत्यात, त्यांच्यात पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. मल्हार गावाला गेल्याला बगून म्हातारीनं चुलीत इळा लाल केला, आन् जीपचं पोट कुठं असंल ह्येचा इचार करून बॉनेटखाली टेकवला. दोन गडी चाकं धरून बसलं हुतं. कशापायी? तर जीप लाथ मारंल म्हनून!

"आवं, आमचा डाग म्हंजी कथलाचा आसतोय!" मी वरडलो.

"मग तवाच बोलायचं. आमच्यात डाग एकच हाय," म्हातारी म्हनली आन् पान खायाला चंची सोडली.

मला हसावं का रडावं कळंना. पन मल्हारकडं बगितलं आन् हसू आतल्या आत जिरलं. पोरगं रडकुंडीला आल्यालं. त्येची सुपारी ठरली हुती येत्या रव्वारी, इस्लामपूरच्या अलीकडच्या उसातल्या गावात. पोरगीचं नाव मंगल. खरसुंडीच्या जत्रंत ह्येनं तिला बगितली, तिनं ह्येला बगितलं, आन् तवापास्नं ह्यो यडा झाला हुता. दहिवडीचं मानूस मायनीला उतरवायचा. तिचा बाप बाळासो, साखर कारखान्याला ऊस वडनारा ट्रॅक्टरवाला, तोंडानं फाटका. त्येनं साफ सांगितलं हुतं, "जीपवाला म्हनून पोरगी देतोय. रव्वारी जीप माज्या दारात आपल्या पायानं आली पायजे. ढकलत आनली तर तशीच म्हागारी ढकलायची, नवरदेवासकट."

"मिस्त्री, काय बी करा," मल्हार म्हनला. "ती न्हाई मिळाली तर मी मेंढरांत जाऊन बसंन, परत मानसांत येयाचा न्हाई."

"हात मर्दा, रडतोस काय? सारी वायरिंग नवी घालू. एक-एक डाग असा दीन की तुजी नातवंडं त्येच जीपमदी सुपारीला जातील."

म्हातारीनं काठी आपटली. "डाग न्हाई!"

"आजी, ह्यो कथलाचा—"

"कथलाचा आसू दे न्हाईतर सोन्याचा. तापल्यालं लोखंड हाय न्हवं? एका जित्राबाला एकदाच डाग. दुसऱ्यांदा दिला तर ते दुसऱ्याच्या दारात जाऊन बोंबलतं आन् घराची आब्रू घालवतं. आमच्यात दुसरा डाग देत न्हाईत."

मी लाख सांगितलं. मल्हारनं पाय धरलं. म्हातारी हलंना. मग तीच टेबलावरच्या डब्याकडं बोट करून म्हनली, "ती टोपडी काय हायत रं?"

"थिंबलं. दाबून बसवायची. ते काय काम न्हवं आजी."

"तीच बसीव. दाबल्यानं कोन बोंबलत न्हाई."

आयुष्यात तसला अपमान झाला न्हवता. पन पोराचं तोंड बगून मी गप पकड उचलली. म्हातारी जीपफुडं पोतं टाकून बसली, काठी मांडीवर, नजर माज्या हातावर. एक-एक वायर सोलायची, थिंबल घालायचं, कचकन दाबायचं, हिसका मारून बगायचा. शेजारचा पंक्चरवाला येऊन म्हनला, "काय अर्जुना, आज चिमटं काढतोयास व्हय?" त्येला मी पान्हा फेकून मारला.

शनवारी सांजच्याला सारी वायरिंग झाली. लाईट लागली, इंजान पयल्या झटक्यात धडधडाय लागलं. ऱ्हायली हॉर्नची एक वायर. तेवढ्यात म्हातारी समोरच्या टपरीवर च्या प्याला गेली. आता बगा, मी बी मानूस हाय. एवढ्या साऱ्या गाडीत माज्या हातची एक बी खून नसावी? लोखंड दुसऱ्या कामासाटनं तापल्यालंच हुतं. मी पटदिशी हॉर्नच्या वायरीवर एक डाग सोडला. असला देखना बसला म्हंता, मोत्यागत! म्हातारी आली तवर कथील गार झालं हुतं.

तिनं जीपला एक फेरी मारली. नाक वर केलं. "राळंचा वास येतोय रं."

"उदबत्ती लावली आजी, नव्या वायरिंगला," मी म्हनलो.

रव्वारी मला बी संगं घेतलं. वाटंत काय झालं तर तुमी असलाव म्हंजी धीर, असं मल्हार म्हनला. पकड मी मुद्दाम दुकानातच ठिवली. थोबाड बगायचं न्हवतं मला तिचं. खिशात एक-दोन थिंबलं तेवढी ऱ्हायली हुती. जीप काय पळाली म्हनून सांगू! कडेगाव मागं पडलं, उसाची रानं लागली. पन कारखान्याच्या गाड्यांनी त्या गावाच्या रस्त्याची पार चाळन करून ठिवल्याली. खड्ड्यातनं खड्ड्यात. आमी वर-खाली आपटत बाळासोच्या दारात आलो. मांडव, पावनं, बाया-बापड्या, सारी बगायला हुबी. मल्हारनं रुबाबात ब्रेक मारला आन् हॉर्न वाजवला.

वाजवला, ते थांबंना.

त्येनं हात काढला, तरी पीऽऽऽ. चावी काढली, तरी पीऽऽऽ. मला तवाच कळलं. हॉर्नची वायर तुटून पत्र्याला टेकली की हॉर्न आपला आपून वाजत ऱ्हातो. आन् आख्ख्या गाडीत तुटंल अशी वायर एकच हुती. कथील बसलं तिथं वायर ताठ हुती, लवंना. हादऱ्यांनी बरोबर डागाच्या काठाला मोडली हुती. बाकीची थिंबलं मातूर साऱ्या खड्ड्यांत जागची हलली न्हवती.

तानुबाईनं माज्याकडं असं बगितलं की मला भुई फाटून पोटात घ्यावी असं झालं. ती काय तरी म्हनली. ऐकू आलं न्हाई, पन ओठांवरनं कळलं, "दुसरा दिलास न्हवं?"

बॉनेट उचाकलं तर चोरी चारचौघांत उघडी पडंल, म्हनून मी मानसांच्या मागं दडलो. म्हशींनी दावी तोडली. कुत्री गाव सोडून उसात पळाली. मानसांनी आदी कानात बोटं घातली, मग रीतीला उशीर नगं म्हनून तसंच वरडून बोलाय लागली. पाट मांडलं, ताटात सुपारी, हळकुंड, अडकित्ता. बाळासोनं हाताचा कर्ना करून तानुबाईला इचारलं, "पोरीला डाग कंचा घालनार?" डाग म्हंजी दागिना, ते काय तुमाला सांगाय नगं. पन म्हातारीच्या डोस्क्यात त्या घडीला एकच डाग हुता.

"डाग न्हाई!" ती किंचाळली. "आता एक बी डाग न्हाई!"

"एक बी न्हाई?" बाळासो लालभडक.

"एकदा दिलाय, तोच लय झाला! अर्जुनानं चोरून दिला तो येगळाच!"

बाळासो ताडकन उटला. पाट लाथंनं उडीवला. मल्हारचा चेहरा मातीगत झाला. माज्या एका मोत्यासाटनं पोराचं वाटोळं हुनार हुतं. मी बॉनेटकडं पळालो, तुटकी वायर पत्र्याला टेकल्याली दिसली, पन नुसती वडली तर परत टेकनार, जोडायची कशानं? "पकड! पकड हाय का कुनाकडं?" हॉर्नच्या फुडं माजा आवाज कोन ऐकतोय? मी मूठ मिटून, उघडून दाखवली. दाबा, दाबा! सारी माज्याकडं यड्यागत बगाय लागली.

तेवढ्यात घरातनं पोरगी पळत आली. मंगल. नवी साडी, कपाळाला कुंकू. तिनं माज्या हाताकडं बगितलं, मल्हारकडं बगितलं, ताटातला अडकित्ता उचालला आन् माज्या हातात ठिवला.

मी म्हनलो, हे तर हे. वायर पत्र्यापास्नं वडली. हॉर्न गपकन थांबला. अशी शांतता झाली की उसाची पात सळसळल्याली ऐकू आली. बाळासोनं बोट रोखलं, तोंड उघडलं, "ह्या घरात माजी पोरगी—"

मी थिंबल घातलं, अडकित्त्यात खिळीजवळ धरलं, आन् सारा जीव लावून दाबलं.

कट्ट!

"फुटली!" अडकित्ता मिटल्याला बगून मांडवातला एक बहिरा म्हातारा वरडला. "सुपारी फुटली!"

मग काय इचारता! बायांनी हळद-कुंकू उधळलं, कुनीतरी साखर वाटाय घेतली, वाजंत्र्यानं ताशावर टिपरू मारलं. बाळासो बोट रोखून तसाच हुबा. अडकित्ता वाजला, पंचांनी ऐकला, तोंडात साखर गेली. आता मोडायची म्हंजी चार गावांत तोंड दाखवायला जागा न्हाई. त्येनं बोट हळूच खाली केलं. ताटातली सुपारी आख्खीच्या आख्खी तानुबाईनं चंचीत टाकली, कुनाला दिसायच्या आदी.

जाता जाता माज्या कानाशी लागून म्हनली, "दाबलास न्हवं ह्या बारीला?"

"व्हय आजी. दाबलं."

"मग बोंबलायचं न्हाई."

लगीन झालं. आता मी थिंबलंच वापरतो. डाग बी देतो, न्हाई असं न्हाई, पन रेडिओला. वरीसभरानं मल्हार-मंगल जीप घिऊन दुकानात आली. जीपचं पोट दाखवायला आन् तिचं बी, सातवा लागला हुता. च्या पिता पिता मी हसत म्हनलो, "पोरी, त्या दिवशी मी पकड मागितली आन् तू अडकित्ता आनलास. पर बरं झालं बाई, चुकीतनं बेस निघालं."

तिनं कपबशी खाली ठिवली. बापागतच बोट रोखलं.

"मिस्त्री, माज्या बापाच्या ट्रॅक्टरच्या पेटीत तीन पकडी हुत्या. पेटी दारातच हुती. पकडीनं सुपारी फुटल्याचा आवाज येतोय व्हय?"